ऑक्सफर्डची ५४ मतं आणि लक्ष्मीदर्शनाचा हिशोब

मे १८८० मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड शहरात एक पोटनिवडणूक झाली आणि तिच्यात देशाचा नवाकोरा गृहमंत्री ५४ मतांनी आडवा झाला. विल्यम हारकोर्ट त्याचं नाव, लिबरल पक्षाचा, पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या नव्या मंत्रिमंडळातला वजनदार माणूस, केंब्रिजला आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्राध्यापक राहिलेला. समोर अलेक्झांडर विल्यम हॉल, कॉन्झर्व्हेटिव्ह, गावातलाच, घरचा बिअर गाळायचा मोठा कारखाना. हॉलला २,७३५ मतं, हारकोर्टला २,६८१. (हे ऑक्सफर्ड म्हणजे शहर हं, युनिव्हर्सिटी नाही, युनिव्हर्सिटीला वेगळे स्वतःचे दोन खासदार होते, तो अजून एक नमुना, तो विषय पुन्हा कधीतरी.)

ही गोष्ट काढायचं कारण एवढंच की आपल्याकडे दर निवडणुकीत मतदानाच्या आदल्या रात्री काय चालतं ते सगळ्यांना माहीत असतं, पाकिटं, लक्ष्मीदर्शन, कत्तल की रात, आणि मग टीव्हीवर कोणीतरी म्हणतं की लोकच विकले गेलेत, कायदा काय करणार. मला हे पटत नाही. कायदा बरंच काही करू शकतो, फक्त त्याने नेमकं काय पकडायचं हे आधी ठरवायला लागतं, आणि ते ऑक्सफर्डच्या त्या भानगडीतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आधी पोटनिवडणूक का लागली ते बघा, कारण हारकोर्ट तर महिनाभरापूर्वीच सार्वत्रिक निवडणुकीत ऑक्सफर्डमधून पहिल्या नंबरने निवडून आला होता. शहराला तेव्हा दोन खासदार. हारकोर्टला २,७७१, त्याच्याच पक्षाच्या चिटीला २,६६९ आणि हॉलला २,६५९, म्हणजे हॉल फक्त १० मतांनी पडलेला. पण तिकडे १७०७ पासून एक नियम होता की खासदार मंत्री झाला की त्याची खुर्ची रिकामी होणार आणि त्याने परत लोकांसमोर जाऊन कौल घ्यायचा. राजाने पद देऊन खासदार फोडू नयेत म्हणून केलेला नियम. बहुतेक वेळा विरोधक उमेदवारच द्यायचे नाहीत आणि मंत्रीसाहेब बिनविरोध परत यायचे. (हा नियम १९२६ ला रद्द झाला. आपल्याकडे लावला तर मंत्रिमंडळ विस्ताराच्या रात्री किती जणांना झोप लागेल याचा नुसता विचार करून बघा.) पण ऑक्सफर्डमध्ये १० मतांनी पडलेला, पैसेवाला, चिडलेला स्थानिक उमेदवार तयारच बसलेला होता आणि लंडनच्या पक्षश्रेष्ठींनाही गृहमंत्री पाडायची आयती संधी दिसली. पैसा वरून आला. मतं फिरली. किती मतं कशामुळे फिरली हे देवाला ठाऊक, पण इतक्या काठावरच्या लढतीत फार फिरवावी लागतच नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. १८८० मध्ये मतदान गुप्त होतं. १८७२ लाच तसा कायदा झाला होता आणि त्याखाली पहिली निवडणूक झाली तीही पोटनिवडणूकच, पॉन्टेफ्रॅक्ट नावाच्या गावात, तिथे मतपेटीला सील मारायला गावच्या प्रसिद्ध ज्येष्ठमधाच्या वड्यांवर मारायचा शिक्का वापरला होता. त्याआधी मतदान उघड, लोकांसमोर उमेदवाराचं नाव सांगायचं, कोणी कोणाला मत दिलं याची पुस्तकं छापून विकायला असायची. त्यामुळे गुप्त मतदान मागणाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा युक्तिवाद साधा होता, मत दिसलंच नाही तर विकत कोण घेईल, पैसे देणाऱ्याला माल मिळाला की नाही हेच कळणार नाही ना. ऐकायला एकदम बरोबर वाटतं.

याच ऑक्सफर्डमध्ये १८५७ च्या जुलैमध्ये अशीच काट्याची पोटनिवडणूक झाली होती आणि तिथे गुप्त मतदानाच्या बाजूने बोलणारा उमेदवार होता कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे, जन्म कलकत्त्याचा. (हो, तोच, ज्याच्यावरून प्रबोधनकारांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग घेतलं असं सांगतात.) तो एडवर्ड कार्डवेलकडून ६५-६७ मतांनी हरला. आणि ती पोटनिवडणूक लागली होती कशामुळे, तर थॅकरेचा मित्र चार्ल्स नीट हा आधी निवडून आला होता पण त्याची निवड गैरप्रकारांमुळे रद्द झाली होती. थॅकरेचं म्हणणं असं की दोन पेन्यांची लाच आणि तीही त्याने न दिलेली, त्यापायी बिचाऱ्याला घालवलं. रविवारी म्युझियमं उघडी ठेवा म्हटल्यामुळे धार्मिक मंडळी थॅकरेवर नाराज झाली ती वेगळीच. हरल्यावर तो म्हणाला की मी आपला लिहायच्या टेबलाकडे परत जातो, हे काम कार्डवेलसाहेबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पराभवाचं भाषण असावं तर असं.

तर १८५७ ला उघड मतदान होतं तेव्हा भानगडी, १८८० ला गुप्त झालं तरी भानगडी, उलट पैशाचा आकडा फुगलेला. १८८० च्या त्या निवडणुकीत ब्रिटनभरच्या उमेदवारांनी अधिकृतपणे दाखवलेला खर्चच १७ लाख पाउंडांच्या आसपास होता, न दाखवलेला वेगळा. मत दिसत नाही म्हणून पैसा थांबला नाही, कारण आपण समजतो तसा पैसा एकेक मत मोजून घ्यायला दिला जातच नाही. तो आपल्या माणसाबद्दल हवा तयार करायला, उपकाराचं ओझं टाकायला, आणि समोरच्याने दिले आणि आपण नाही दिले असं होऊ नये या भीतीने दिला जातो. गावातल्या कुठल्याही अनुभवी कार्यकर्त्याला विचारा, तो सांगेल, "दिल्यावर मत मिळेलच असं नाही, पण नाही दिलं तर नक्की जातं." व्हिक्टोरियाच्या काळातला ऑक्सफर्डचा एजंट याहून वेगळं काय सांगणार होता.

आणि पैसा द्यायची पद्धत बघाल तर आपलीच वाटेल. हातात नोटा कोंबणं हा प्रकार होता, पण सगळ्यात जास्त चालायचं ते मतदारालाच कामावर ठेवणं. निवडणुकीपुरता कोणाला कारकून करायचं, कोणाला निरोप्या, कोणाला झेंडे सांभाळायला, कोणाला नाक्यावर नुसतं उभं राहून लक्ष ठेवायला. निरोप्याला न्यायला निरोप नसायचा, कारकुनाला लिहायला काही नसायचं. रोजंदारी मात्र वेळेवर. कमिटीची ऑफिसं दारूच्या गुत्त्यातच थाटायची, म्हणजे जागेचं भाडं गुत्तेवाल्याला, आणि कमिटीच्या मीटिंगला आलेल्यांच्या घशाची सोय आपोआप. वर घोडागाड्या भाड्याने, बँड, रिबिनी, मशाली. प्रत्येक गोष्टीची पावती, प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार, साहेब हा पगार आहे, लाच नाही. आपल्याकडे सभेला ट्रकने आणलेली माणसं, बूथच्या टेबलावर बसायला एकाच्या जागी बारा पोरं, प्रचारफेरीत उन्हातान्हात टोपी घालून चालणाऱ्या बायका, संध्याकाळी ढाब्यावर जेवण, हे सगळं काय आहे मग? हीपण रोजंदारीच. आणि घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्याने दिवसभर काम केलंय, घाम गाळलाय, त्याला भ्रष्ट म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

ऑक्सफर्डची निवडणूक कोर्टात गेली. अशा तक्रारी १८६८ पासून खासदारांच्या समितीऐवजी न्यायाधीशांपुढे जायच्या. मे मध्ये मतदान, आणि त्याच वर्षी हॉलची निवड रद्दसुद्धा. मग सरकारने ऑक्सफर्डसकट आठ गावांवर रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग, नेमली, कँटरबरी, चेस्टर, ग्लॉस्टर अशी एकेक नावाजलेली गावं होती त्यात. या कमिशनची एक गोष्ट मला फार आवडते. साक्षीदार येऊन खरं सगळं सांगेल तर त्याला माफीचं सर्टिफिकेट मिळायचं, त्याच्यावर खटला नाही. त्यामुळे लोक येऊन भडाभडा बोलले, कोणी दिले, किती दिले, कुठल्या गुत्त्यात दिले, आणि दोन्ही पक्षांची धुणी बाहेर आली. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही, कलम ९५ मध्ये, असंच माफीचं सर्टिफिकेट आहे बरं का. त्याची चर्चा कधी कानावर आलीये तुमच्या?

इथून पुढे दोन उपाय झाले आणि माझं सगळं म्हणणं या दोन उपायांच्या फरकात आहे.

पहिला उपाय, शहरालाच शिक्षा. ऑक्सफर्डची रिकामी जागा भरायचीच नाही असं ठरलं. हारकोर्टची सोय लगेच झाली, जहाजात माल किती भरायचा ते दाखवणाऱ्या रेषेसाठी लढलेला सॅम्युएल प्लिमसॉल याने आपली डर्बीची जागा त्याच्यासाठी सोडली, साहेब तिकडून बिनविरोध आत. इकडे ऑक्सफर्डचा उरलेला खासदार चिटी १८८१ मध्ये न्यायाधीश झाला आणि तीही जागा रिकामी, म्हणजे १८८५ पर्यंत ऑक्सफर्ड शहराला एकही खासदार नाही. ज्यांनी पैसे घेतले त्यांनाही नाही आणि ज्यांनी दारातून हाकलून दिलं त्यांनाही नाही. आणि १८८५ ला जागा परत मिळाली (आता एकच) तेव्हा कोण निवडून आलं? हॉल. तोच, बिअरवाला हॉल, आणि १८९२ पर्यंत मजेत खासदार राहिला. एवढी वर्षं गावाला वर्गाबाहेर उभं करून काय मिळवलं म्हणाल तर हे.

म्हणून आपल्याकडे निवडणूक आयोग पैसेवाटपामुळे एखादी निवडणूकच रद्द करतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात पण मला त्यात काही फारसा अर्थ दिसत नाही. जयललितांच्या निधनानंतर चेन्नईच्या आर. के. नगरची पोटनिवडणूक एप्रिल २०१७ मध्ये मतदानाला तीन दिवस असताना पैशाच्या कारणावरून रद्द झाली, डिसेंबरमध्ये परत घेतली, आणि एप्रिलमध्ये उभे असलेले दिनकरनच अपक्ष म्हणून ४० हजारांवर मतांनी निवडून आले. कोणी वाटले, कोणी नाही वाटले हा वाद मला इथे घालायचा नाही, मुद्दा एवढाच की दरम्यान साडेआठ महिने तिथल्या लोकांना आमदार नव्हता आणि ज्या यंत्रणेने पैसा फिरतो त्या यंत्रणेचं काही वाकडं झालं नाही.

दुसरा उपाय मात्र जबरदस्त होता, १८८३ चा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा, ॲटर्नी जनरल हेन्री जेम्सने रेटून नेलेला. त्यातली हुशारी अशी की त्याने हेतू सिद्ध करायची कटकटच काढून टाकली. आधी भांडण काय व्हायचं, हा निरोप्या खरा की खोटा, हा बँड आनंदासाठी की मतासाठी. नवीन कायदा म्हणाला बँडला पैसे द्यायचेच नाहीत. झेंडे, रिबिनी, मशाली यांना पैसे नाहीत. मतदार आणायला गाडी भाड्याने नाही. गुत्त्यात कमिटी ऑफिस नाही. पगारी प्रचारक नाहीत, कारकून आणि निरोपे किती ठेवायचे त्याचा आकडा ठरलेला. प्रत्येक उमेदवाराचा एकच जबाबदार एजंट, सगळा पैसा त्याच्याच हातून जाणार, आणि निकालानंतर ३५ दिवसांत हिशोब द्यायचा. खर्चाला मर्यादा, शहरी मतदारसंघात २,००० मतदारांपर्यंत ३५० पाउंड, त्यावर ३८० आणि पुढच्या दर हजारी ३०. उमेदवार स्वतः दोषी ठरला तर त्या मतदारसंघातून जन्मभर बाद, एजंट दोषी ठरला तर ७ वर्षं. मन कोणाचं शुद्ध आहे हे कोणी विचारत नाही, बिल दाखव.

लगेच ओरड झाली की एवढ्या पैशात निवडणूक होतच नाही, सगळे खोटे हिशोब देतील. आपल्याकडे हेच ऐकू येतं ना, लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख, एवढ्यात काय होतं हो, मर्यादा वाढवा नाहीतर काढूनच टाका. पण तिकडे मतदार ३० लाखांवरून ५७ लाखांच्या घरात गेले आणि तरीही १८८५ च्या निवडणुकीत दाखवलेला एकूण खर्च १० लाख पाउंडांच्या आसपास उतरला. पगारी प्रचारक बंद झाल्यावर पक्षांना फुकट काम करणारी माणसं शोधायला लागली, कॉन्झर्व्हेटिव्हांनी १८८३ लाच प्रिमरोझ लीग काढली आणि बायका घरोघरी जाऊन प्रचार करायला लागल्या, ज्यांना स्वतःला मत नव्हतं त्या बायका. म्हणजे पैशाची वाट बंद केल्यावर राजकारण बंद पडलं नाही, दुसऱ्या वाटेने सुरू राहिलं.

इथे कोणीतरी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की श्रेय सगळं त्या कायद्याचं नाही, १८८४-८५ मध्ये मतदार वाढले, छोटी छोटी विकाऊ गावं मतदारसंघ म्हणून गेली, आणि मोठा मतदारसंघ विकत घेणं परवडत नाही. मान्य, थोडंफार. पण नुसत्या आकाराने काम होत असतं तर आपल्याकडे तर लोकसभेचे मतदारसंघ पंधरा-वीस लाखांचे आहेत, मग पाकिटं केव्हाच बंद पडायला हवी होती. सगळ्यांना द्यावे लागतच नाहीत, काठावरचे बूथ आणि काठावरच्या वस्त्या कुठल्या ते पक्षाच्या माणसाला पाठ असतं, तेवढ्यांना दिले की झालं. ऑक्सफर्डला ५४ पुरली.

मग आपल्याकडे अडतं कुठे? कायदा आपल्याकडे आहे, इंग्रजी साच्यातूनच आलेला, आधी १९२० मध्ये पीनल कोडात निवडणुकीचे गुन्हे घातले गेले, मग १९५१ चा कायदा, कलम १२३ गैरप्रकारांचं, कलम ७७ खर्चाचं. पण साचा घेताना एक भिंत बांधायचीच राहिली आणि ती म्हणजे पक्षाचा पैसा. मर्यादा उमेदवाराला, पक्षाला काहीच नाही. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्या हिशोबात धरा, तर त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निकालच निकामी केला. पुढे २००३ मध्ये ती पळवाट थोडी अरुंद केली, पण नेत्यांची हेलिकॉप्टरं आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही मर्यादेबाहेर. निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने रद्द केले ते पैसा येतो कुठून याबद्दल होतं, पक्ष तो किती उधळतो याला आजही काही बंधन नाही. १८८० ला ऑक्सफर्डमध्ये पैसा आला तो लंडनच्या पक्षवर्तुळातूनच, तेव्हा हा धडा पहिल्याच दिवसापासून समोर होता. उमेदवाराला ४० लाखांचा पट्टा बांधायचा आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या हत्तीला मोकळं सोडायचं, आणि मग म्हणायचं लोक विकले जातात.

दुसरं म्हणजे वेळ. ऑक्सफर्डचा निकाल काही महिन्यांत लागला म्हणून त्याला अर्थ होता. आपल्या मुंबईतली विलेपार्ल्याची पोटनिवडणूक घ्या, डिसेंबर १९८७, रमेश प्रभू निवडून आले, हरलेले काँग्रेसचे प्रभाकर कुंटे कोर्टात गेले. तिथे मुद्दा पैशाचा नव्हता, धर्माच्या नावाने मतं मागितल्याचा होता, पण यंत्रणा तीच, कलम १२३. हायकोर्टाने एप्रिल १९८९ ला निवड रद्द केली, सुप्रीम कोर्टाचा शिक्का बसला ११ डिसेंबर १९९५ ला, आणि बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताधिकार ६ वर्षांसाठी काढल्याचा आदेश निघाला तो १९९९ मध्ये. ज्या विधानसभेसाठी ती पोटनिवडणूक झाली होती ती विधानसभा १९९० लाच संपलेली. निकाल बरोबर की चूक यावर तुम्ही हवं तेवढं भांडा, पण पुढची निवडणूक उलटून गेल्यावर आलेल्या शिक्षेला कुठला उमेदवार घाबरणार आहे? आणि गंमत म्हणजे निवडणूक याचिका सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असं आपल्याच कायद्याच्या कलम ८६ मध्ये लिहिलेलं आहे. प्रयत्न करावा, म्हणजे नाही केला तरी चालेल.

मला विचाराल तर मतदार सुधारायच्या मोहिमा, 'मत विकू नका'चे बॅनर, शाळेतल्या पोरांकडून शपथा हे सगळं जरा बाजूला ठेवा. दोन कामं करा. पक्षाच्या निवडणूक खर्चाला मतदारसंघनिहाय मर्यादा घाला आणि तो उमेदवाराच्या हिशोबात धरा, हेलिकॉप्टरसकट. आणि कलम ८६ मधल्या त्या सहा महिन्यांपुढचा 'प्रयत्न' काढून तिथे सक्ती लिहा, त्यासाठी हायकोर्टात वेगळे न्यायाधीश लागले तर द्या. दोन्हीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेत साधं बहुमत पुरतं. अर्थात ते बहुमत त्याच पक्षांकडे आहे ज्यांचे खर्च मोजायचेत, आणि हारकोर्टसारखा ५४ मतांनी पोळलेला गृहमंत्री आपल्या सरकारात सध्या तरी कोणी नाही.